ॲम्बॅसॅडरचं कव्हर भंगारात

मे महिन्यात माझ्या दुकानात लग्नाच्या सोफ्यांची आणि ट्रॅक्सच्या सीटांची गर्दी असते. त्यात कुणी ‘घरी येऊन करून द्या’ म्हटलं की मी सरळ नाही म्हणतो. दुकानात मशीन आहे, टेबल आहे, पोरं आहेत. गिऱ्हाइकाच्या घरी गेलं की निम्मा दिवस चहात जातो आणि उरलेला सूचना ऐकण्यात. पण फोनवरचे साहेब म्हणाले, “ॲम्बॅसॅडर आहे, मार्क थ्री,” आणि मी पिशवी भरली.

मार्क थ्री 1975 ला आली आणि 79 ला मार्क फोर निघाली, म्हणजे हे मॉडेल फार वर्षं चाललंच नाही. त्यातून कारखानाच 2014 ला बंद पडला. हल्लीच्या गाड्यांची कव्हरं मॉडेलचं नाव सांगितलं की तयार मिळतात, खोक्यातून काढायची नि चढवायची. ॲम्बॅसॅडरसाठी बाजारात मिळतं ते टॅक्सीवाल्यांचं झबलं. वरून ओढायचं, खालून नाड्या बांधायच्या. ज्याला गाडी होती तशी करायची आहे त्याच्या ते कामाचं नाही.

घर सांगलीच्या गावभागात. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त, त्यामुळं 2019 च्या पुराचे आकडे तोंडपाठ. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45, आणि त्या ऑगस्टात कृष्णा गेली 57 च्या वर. गाडी अंगणात होती, पाणी सीटच्या वर चढलं. पूर ओसरल्यावर इंजिन खोललं, वायरिंग बदललं, पत्र्याचं काम झालं. सीटा मात्र तशाच वाळवून ठेवल्या होत्या. आता नोकरी नाही, हाताला वेळ आहे, म्हणून साहेबांनी पुढची सीट स्वतःच करायला घेतली होती.

खरं सांगतो, काम बघून मी गार पडलो. असल्या घरगुती कामात मला नेहमी अर्धवट खरवडलेला गंज आणि वर फासलेला रंग दिसतो. इथं सांगाडा तारेच्या ब्रशनं घासून, रेडऑक्साईड मारून, वर काळा रंग देऊन पडवीत वाळत ठेवलेला. ॲम्बॅसॅडरची पुढची सीट म्हणजे सलग बाक. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, मधे कसलीच अडचण नाही, तिघं ऐसपैस बसतात. खाली लोखंडी चौकट, तिच्यावर उभ्या गोल स्प्रिंगा, एकमेकींना तारेनं जखडलेल्या. कोपऱ्यातल्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत पुराचा गाळ दगडासारखा बसला होता, तोसुद्धा साहेबांनी खिळ्यानं कोरून काढलेला. तुटक्या तारांच्या जागी नवी तार, तीही पीळ देऊन नीट आत वळवलेली. तारेचं टोक वर राहिलं तर ते आज ना उद्या फोम फाडून बसणाऱ्याला टोचतंच.

“गोणपाट कुठला लावणार?” मी विचारलं.

“लावायला पाहिजे का? वर फोमच येणार की.”

लावायलाच पाहिजे. गोणपाट दिसत नाही, म्हणून लोक त्यावर पैसे वाचवतात. तो नसेल तर स्प्रिंगा फोमला खालून कुरतडत राहतात आणि थोड्याच दिवसांत पायाखाली पिवळा भुगा पडायला लागतो. जुन्या कारागिरांनी गोणपाट, वर काथ्या, वर कापूस असा थर उगीच लावलेला नव्हता. मी गोणपाट ताणून चौकटीला शिवून घेतला, त्यावर चाळीस डेन्सिटीचा फोम टाकायचं ठरलं. मग नेहमीसारखं म्हणालो, “आणा आता जुनं कव्हर.”

साहेबांनी वहिनींकडं बघितलं. वहिनींनी तुळशीकडं.

“ते दिलं की मी भंगारवाल्याला. चिखलाचा असला वास मारत होतं! जुन्या बंबाबरोबर दिलं.”

“कधी?”

“गेल्या आठवड्यात.”

मी खाली बसलो. आमच्या धंद्यात जुनं कव्हर म्हणजे माप. सीट दिसायला चौकोनी, पण तिच्यात सरळ रेघ सापडणं मुश्कील. कडेचा पट्टा पुढं रुंद, मागं निमुळता. कोपऱ्याला गोलाई, पाठीला किंचित बाक, आणि मधल्या उभ्या पट्ट्यांत प्रत्येक शिवणीला कापड थोडं थोडं खाल्लं जातं. नुसत्या सांगाड्यावरून हे काढता येतं, नाही असं नाही. कोरं कापड अंथरायचं, टाचायचं, खडू मारायचा, काढायचं, परत टाचायचं. कव्हर होतं, पण बघणाऱ्याला कळतं की हे नंतर केलंय.

“भंगारवाला कुठला?”

मिरज रस्त्याचा निघाला. साहेबांच्या स्कूटरवर आम्ही दोघं. त्याच्या वाड्यात शिरलो तर बंब केव्हाच पुढं गेलेला. “रेक्झिनला कोण विचारतंय,” चाचा म्हणाले, “त्याचं काय वजन करणार?” आणि मला ते दिसलं. आदल्या संध्याकाळी वळवाची सर येऊन गेली होती. रद्दीच्या ढिगावर, चार विटांखाली, ॲम्बॅसॅडरचं अख्खं बाकाचं कव्हर पालथं अंथरलेलं. आतली कापडाची बाजू वर आणि कडेच्या नळीत गंजलेली तारसुद्धा शाबूत.

साहेब ओरडलेच, “हेच ते! आमचंय!” झालं. इतका वेळ ज्याला वजन नव्हतं त्याला भाव आला.

“पाचशे.”

“देतो,” साहेब म्हणाले.

मी त्यांचा हात दाबला. “चाचा, तुम्हाला रद्दी झाकायला पाहिजे ना? हे तर जागोजाग फाटलंय. खालचा गठ्ठा बघा, भिजलाय.” गठ्ठा खरंच भिजला होता. समोरच्या दुकानातनं एक ताडपत्री आणून दिली, साहेबांना तीही पाचशेच्या आत पडली. चाचांनी विटा स्वतः उचलल्या. पाठीच्या कव्हराचा उजवा वरचा कोपरा मात्र गायब होता. वाड्यातल्या पोरानं तो कापून सायकलच्या सीटवर चढवला होता. तो मागायची माझी छाती झाली नाही, आणि गरजही नव्हती. डावा कोपरा होता, तो उलटा ठेवला की उजवा तयार.

परत येऊन पडवीत उसवायला बसलो. हे काम घाईचं नाही. शिवण ब्लेडनं उसवायची, ओढून फाडायची नाही. तुकडा सुटला की लगेच त्याच्यावर लिहायचं: बैठक पुढचा, बैठक डावा, पाठ वरचा, आणि बाण कुठल्या दिशेला. दोन तुकडे जिथं एकत्र येतात तिथं दोन्हींवर आडवी खूण. साहेबांना हे काम जमलं. अक्षर सरकारी, स्वच्छ.

मग त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि तुकडा तसाच्या तसा नव्या रेक्झिनवर गिरवायला निघाले. मी थांबवलं. बैठकीचा मोठा तुकडा घेतला, बरोबर मधोमध दुमडला आणि उजेडाकडं धरला. दोन्ही बाजू एकसारख्या जुळायला हव्यात. ड्रायव्हरची बाजू पाऊण इंच जास्त निघाली. वर्षानुवर्षं माणूस एकाच जागी बसून रेक्झिन ताणलेलं. ते माप खरं धरलं असतं तर नवं कव्हर पहिल्याच दिवशी ढिलं बसलं असतं. मी डाव्या अंगाचं माप धरलं, दोन्हीकडं तेच.

“तिकडं मी बसायचे,” वहिनी आतून म्हणाल्या, “वर्षातनं चारदा. ताणणार कुठनं?”

कडेच्या पट्ट्यांचं उलटं. तिथं कुणी बसत नाही, नुसतं ऊन लागतं. उन्हानं रेक्झिनमधला मऊपणा जातो, ते कडक होतं आणि आक्रसतं. म्हणून तिथं कापलेल्या कडेवर विश्वास ठेवायचा नाही. शिलाईची जुनी भोकं धरायची, कुठं कमी वाटलं तर शेजारच्या तुकड्याच्या लांबीशी ताडून बघायचं, आणि मग शिवणीसाठी अर्धा इंच माया सोडून कापायचं. एकाच कव्हरात एक तुकडा मोठा झालेला आणि शेजारचा लहान, आणि शिवताना दोघांची तोंडं मिळवायची. सोयरिक जुळवण्यासारखंच ते, दोन्हीकडच्यांना थोडं थोडं सरकवावं लागतं. हे सगळे आकार मी आधी खाकी कागदावर उतरवून घेतले आणि कागदावरून रेक्झिन कापलं.

शिवायचा प्रयत्न साहेबांनी वहिनींच्या मशीनवर आधी केला होता. दोन थरांवर चाललं, पायपिंगपाशी, म्हणजे कडेच्या गोटापाशी, चार थर आले आणि सुई मोडली. घरच्या मशीनवर रेक्झिन होत नाही असं नाही. अठरा नंबरची सुई, नायलॉनचा दोरा, इंचाला सहा-सातच टाके आणि जाड जागी पायडल सोडून हातानं चाक फिरवायचं. टाके बारीक घातले तर भोकं इतकी जवळ पडतात की रेक्झिन त्या रेघेवरच फाटतं. मशीनच्या फुटाखाली चिकटायला लागलं तर वरून थोडी टाल्कम पावडर. आणि टाचण्या शिलाईच्या मायेबाहेर कुठंही लावायच्या नाहीत. कापडाचं भोक भरून येतं, रेक्झिनचं येत नाही. तरी बाकाचं कव्हर मी दुकानातल्या मशीनवरच शिवलं, कारण लग्नसराईत सुया मोडत बसायला मला वेळ नव्हता.

चढवायला भर दुपारी गेलो. कव्हर आधी पत्र्यावर उन्हात पसरलं. रेक्झिन तापलं की मऊ होतं आणि हवं तिकडं येतं. फोमवर पातळ प्लास्टिक टाकलं, म्हणजे कव्हर अडकत नाही, घसरत जातं. साहेब गुडघ्यानं फोम दाबून धरायला आणि मी ओढायला. आधी मधली शिवण मध्यावर, मग दोन्ही कोपरे, मग कडा. कोपऱ्याची पायपिंग अंगठ्यानं फिरवून बरोबर चौकटीच्या कडेवर बसवायची, ती आत सरकली की सगळी सीट वाकडी दिसते. नळीत नवी तार घालून ती खालच्या चौकटीला क्लिपांनी अडकवली. दोन सुरकुत्या राहिल्या, त्या संध्याकाळपर्यंत थंड होताना आपोआप ओढल्या गेल्या.

सीट गाडीत बसवल्यावर वहिनी पहिल्यांदा बसल्या आणि म्हणाल्या, “उंच झाली हो.” उंच झाली नव्हती. ती मुळात एवढीच होती, पूर येण्याआधीही कितीतरी वर्षं खचलेली होती. साहेबांनी फोम कमी करायचा का म्हणून विचारलं. मी साफ नाही म्हणालो. वापरात आली की थोडी बसेल, नाही बसली तर उशी काढून ठेवा म्हटलं, कारण वहिनी पाठीमागं उशी घेऊनच बसल्या होत्या.

हिशोब करताना मी म्हणालो, “जुने तुकडे मी नेतो. शिलाईतले दोनशे कमी करा.”

“छे छे,” साहेब म्हणाले, “ओरिजिनल कव्हर आहे ते. ठेवू दे इथंच.” आणि त्यांनी ते सगळे तुकडे घड्या घालून, फितीनं बांधून, कपाटात सरकारी फायलींच्या शेजारी ठेवले. वहिनी काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडं बघून हसल्या. मी पूर्ण पैसे घेतले आणि निघालो. खाकी कागदाची गुंडाळी माझ्या पिशवीत होतीच. मागच्या सीटचं काम पावसाळ्यानंतर करायचं ठरलंय.