पहिला पीसी जोडताना: हीटसिंक कसा बसवायचा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे पार्ट आणून पहिला पीसी जोडणाऱ्यांची सगळ्यात जास्त चर्चा चालते ती थर्मल पेस्टवर, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधे लावायच्या लेपावर. कुठली घ्यायची, किती लावायची, कशी पसरायची. पण प्रोसेसर नव्वद अंशांना भिडला तर बहुतेक वेळा पेस्टचा काही दोष नसतो, हीटसिंकचा, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचा, एखादा कोपरा नीट टेकलेलाच नसतो.

म्हणून कूलर (हीटसिंक आणि त्यावरचा पंखा) बसवायचा तो मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये कसण्याआधी. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला की मागची बाजू केव्हाही उलटून बघता येते. पावसाळ्यातल्या दमट हवेत स्टॅटिकचा, म्हणजे अंगातल्या स्थिर विजेचा, धोका कमी असतो, एसीच्या कोरड्या खोलीत जास्त. तरी मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावत राहा.

इंटेल प्रोसेसरच्या डब्यात मिळणाऱ्या कूलरला चार पुश-पिन असतात आणि नवख्यांची फजिती इथेच होते. प्रत्येक पिनेच्या काळ्या टोपीवर बाण असतो. तो पिन सोडवायची दिशा दाखवतो, बसवायची नाही. आधी चारही टोप्या बाणाच्या उलट दिशेने, अडेपर्यंत फिरवून घ्या. मग चारही पांढरे पाय आपापल्या भोकात उतरलेत ना, एखादा दुमडला नाही ना, ते पाहा. आता तिरक्या समोरासमोरच्या दोन पिना एकदम दाबा, टक् आवाज आला की उरलेल्या दोन. बोर्ड किंचित वाकतो, त्याने घाबरू नका. शेवटी बोर्ड उलटा करा: प्रत्येक भोकातून पांढरे पाय फाकलेले आणि त्यांच्या मधोमध काळी पिन आलेली दिसली पाहिजे. जिथे काळं टोक दिसत नाही, तो कोपरा सुटलेला आहे.

जुना कूलर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. इंटेलच्या जुन्या एलजीए १२०० सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्डावर भोकांमधलं अंतर ७५ मिमी असतं, त्यानंतरच्या एलजीए १७०० वर ७८ मिमी. ओढूनताणून पाय आत घातले तरी दाब सारखा पडत नाही.

एएमडीच्या डब्यातल्या रेथ स्टेल्थ कूलरला स्प्रिंगचे चार स्क्रू असतात. त्यासाठी सॉकेटच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर त्या काढल्या की मागची आधाराची पट्टी (बॅकप्लेट) सुटते, तेव्हा खालून हात धरा. नव्या एएम५ ची जागची हलत नाही. स्क्रू समोरासमोरचे, प्रत्येकी दोन-दोन आटे असे आळीपाळीने कसा. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर कूलर एका बाजूला कलतो. स्क्रू आपोआप अडतो, तिथे थांबायचं.

डब्यातल्या कूलरच्या तळाला राखाडी पेस्ट आधीच लावलेली असते. तिला बोट लावू नका, वर आणखी पेस्ट घालू नका. वेगळा विकत घेतलेला उंच टॉवर कूलर असेल तर तळावरची पारदर्शक फिल्म आधी सोला, कारण ती राहून गेली की बाकी सगळं नीट करूनही उपयोग नाही. प्रोसेसरच्या मधोमध मटाराच्या लहान दाण्याएवढी पेस्ट पुरते, दाबाने ती स्वतःच पसरते. एकदा टेकवलेला कूलर उचलावा लागला तर पेस्टवरचा ठसा आधी बघून घ्या. जिकडे थर जाड राहिलाय, तिकडे दाब पडलेला नाही. मग दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नव्याने लावा, तशीच परत दाबली तर आत हवा अडकते.

पुढेमागे एएम४ वरचा कूलर काढायचा झाला तर मशीन काही मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा आणि कूलर डावी-उजवीकडे हलका पिळून सोडवा. सरळ उपटलात तर प्रोसेसरही सॉकेटमधून त्याच्याबरोबर येतो आणि त्याचे पाय वाकतात.

टॉवर कूलर घेण्याआधी त्याची उंची आणि कॅबिनेटची मर्यादा ताडून घ्या. पंखा पहिल्या रॅमवर येतो का, तेही. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते, ती कॅबिनेटच्या मागे वळवा. वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच लावा, नाहीतर बरेच बोर्ड एरर दाखवून सुरू व्हायलाच नकार देतात.

पहिल्यांदा चालू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, तापमान पाहा. हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि मे महिन्यात नुसता पंखा असलेल्या खोलीत ३२-३३ अंश सहज असतात. त्यामुळे २० अंशांच्या खोलीत घेतलेले आकडे बघून जीव टांगणीला लावू नका, ४५ ते ५५ ठीक आहे. पण आकडा न थांबता ८०, ९० असा चढत गेला तर लगेच बंद करा आणि कोपरे पुन्हा तपासा.

दुकानातच जोडून घेत असाल तर बोर्ड कॅबिनेटमध्ये जाण्याआधी चारही पिना मागून दाखवायला सांगा. आणि ग्रँट रोडहून टॅक्सीत आणताना कॅबिनेट आडवं ठेवा, कूलर वर येईल असं. उभं ठेवलं की जड टॉवरचा सगळा भार बोर्डावर लोंबतो आणि खड्ड्यांचे हादरे तिथेच बसतात.