मार्चचे पैसे, मिरगाची रोपं : आमच्या नर्सरीची वाटचाल

पिशवी ब्लेडने उभी चिरायची, मातीचा गोळा न फोडता रोप खड्ड्यात ठेवायचं आणि रिकामी पिशवी खिशात घालायची. संध्याकाळी टेम्पोजवळ पिशव्या मोजल्या जातात. शंभर रोपं लावली तर शंभर पिशव्या परत आल्या पाहिजेत. आमच्याकडे कामाला लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात ते एवढंच. यामागे एक फजिती आहे, आणि ती आमचीच आहे.

२००९ साली आम्हाला पहिलं सरकारी काम मिळालं. एका नगरपालिकेच्या प्रभागात रस्त्याकडेला १२० रोपं लावायची होती. वर्क ऑर्डर हातात पडली मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. ३१ तारखेच्या आत बिल टाका, नाहीतर अनुदान परत जाईल, असं बजावलं गेलं. रोजंदारीवर आठ माणसं घेतली आणि भर उन्हात नऊ दिवसांत काम उरकलं. फोटो काढले, बिल टाकलं, पास झालं. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच रस्त्याने जाताना गाडी थांबवून मोजलं, तर एकतीस रोपं उभी. करंजाचं एक वाळकं रोप मी नुसतं धरून ओढलं, तर ते पिशवीसकट वर आलं. काळी पॉलिथीनची पिशवी जशीच्या तशी, आत मुळं चकलीसारखी गोल गोल गुंडाळलेली. भावोजी शेजारी उभे होते. "वयनी, पिशवीच काडूंक ना गे तांणी," एवढंच म्हणाले. आम्हाला कोणी जाब विचारला नाही, आणि मला ते जास्त लागलं.

नर्सरी मूळची सासऱ्यांची. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. गोव्यात सावईवेऱ्याला आमचं कुळागर, म्हणजे डोंगरउताराची बागायत, आहे: सुपारी, मिरी, केळी, वरून झऱ्याचं पाणी पाटाने उतरतं. आबा हौसेने मानकुराद आंब्याची कलमं बांधायचे, भिरंडीची, म्हणजे कोकमाची, रोपं करायचे आणि पाऊस जवळ आला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेऊन विकायचे. २००४ मध्ये मी लग्न होऊन या घरात आले. बी.कॉम. झालेली म्हणून वही माझ्या हातात आली. वहीतून कळलं की दोन महिने विक्री आणि दहा महिने खर्च असा हा धंदा आहे. सरकारी कामाच्या मागे लागलो ते हे दहा महिने भरून काढायला. पर्यावरणाचं वेड वगैरे तेव्हा काही नव्हतं, उगाच सांगणार नाही.

नगरपालिकेकडे आणि पंचायतीकडे झाडांसाठी पैसे येतात कुठून, हे समजायलाच मला दोन वर्षं लागली. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांमध्ये नागरी वनीकरण आहे, पण काम कागदावर असलं म्हणून पैसा बरोबर येतोच असं नाही. वॉर्डातल्या सुधारणेचं म्हणून जे अनुदान येतं, त्यातून गटार, पेव्हर, पथदीप, बाकडी आणि उरलंच तर झाडं. २०१५ मध्ये शहरांसाठी केंद्राची अमृत योजना आली, तीत पणजीचा समावेश झाला आणि बागा व हिरव्या जागा हा वेगळा घटक निघाला, तेव्हा कुठे आमच्या धंद्याला अंदाजपत्रकात स्वतःची ओळ मिळाली. पंचायतींचं वेगळं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात त्यांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकला. झाड यायचं ते मोकळ्या ४० टक्क्यांत, आणि तिथे रस्ता, स्मशानशेड, सगळेच रांगेत असायचे.

दुसरी वाट बदली झाडांची. आपल्याकडे गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. झाड तोडायचं तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि त्या बदल्यात झाडं लावावी लागतात. घर बांधणारे, बिल्डर, सोसायट्या या अटीसाठी आमच्याकडे येतात. त्यातले बरेच जण फोनवर पहिलं विचारतात ते हे, "बाई, सगळ्यात स्वस्त रोप कुठलं?"

या कायद्यावरून एक गंमत आठवते. २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन माड झाडांच्या यादीतून बाहेर पडला, कारण काय तर त्याला फांद्या नसतात. परवानगी न घेता माड तोडता येऊ लागला. त्या वर्षी माडाची रोपं माझ्याकडे पडून राहिली, बदली म्हणून कोणी नेईना. २०१७ मध्ये निवडणुकीनंतर नवं सरकार आलं आणि माड पुन्हा यादीत आला, शिवाय राज्यवृक्षाचा मानही मिळाला. आबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. मी त्यांना पेपर वाचून दाखवला. ते हसून म्हणाले, "माडाक खबर दिल्या मगे?"

मुद्द्यावर येते. पैशाचं पंचांग आणि झाडाचं पंचांग जुळत नाही. पैसा फेब्रुवारी-मार्चमध्ये मोकळा होतो. रोपाला हवा मिरग. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जांभ्या दगडात खणलेला खड्डा म्हणजे तापलेला तवा. मार्चमध्ये लावलेलं रोप जगवायचं तर रोज पाणी हवं, आणि पाण्याला अंदाजपत्रकात हेडच, म्हणजे खर्चाचं वेगळं खातंच, नसतं. एका कार्यालयात मला सरळ सांगितलं गेलं, "मॅडम, लागवडीला हेड आहे. पाणी तुम्ही बघा."

बघितलं. हिशेब मांडला. पहिल्या उन्हाळ्यात नोव्हेंबर ते मे असे तीस आठवडे, आठवड्याला दोनदा, दर वेळी वीस लिटर. म्हणजे एका रोपाला बाराशे लिटर. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा, तिसऱ्या वर्षी पंधरवड्यातून एकदा. त्यानंतर झाड आपल्या पायावर उभं राहतं. आजच्या आमच्या कोटेशनमध्ये सहा फुटी रोप २५० रुपये, खड्डा-माती-शेणखत ४५०, ट्री गार्ड १५०० आणि तीन उन्हाळ्यांचं पाणी २६०० रुपये. रोपाला जीएसटी नाही, लोखंडी गार्डाला आहे. वाचणाऱ्याची नजर २६०० वर अडकते. "झाडापेक्षा पाणी महाग?" हो.

२०१३ पासून आम्ही काम दोन भागांत तोडून देऊ लागलो. मार्चमध्ये खड्डे, माती बदलणं, शेणखत, गार्ड, काठ्या. हे बांधकामासारखं मोजता येतं, ज्युनिअर इंजिनिअर टेप लावून मेजरमेंट बुकात लिहितो, बिल होतं, अनुदान परत जात नाही. रोप जूनमध्ये, नर्सरीच्या नावावर, वेगळ्या ऑर्डरने. खड्डा दोन-अडीच महिने तापला की मातीतली कीडही कमी होते, हा वरचा फायदा. सगळीकडे हे चाललं असं नाही. दोन ठिकाणी आम्हाला टेंडरच नाकारलं, एकीकडे नुसते रिकामे खड्डे बघून लोकांनी आमच्याविरुद्ध तक्रार केली. एका पंचायतीचं तिसऱ्या वर्षाच्या पाण्याचं बिल अजून निघालेलं नाही.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. करोनाची दुसरी लाट, कर्फ्यू, वीज नाही, आणि फोन सारखा वाजतोय. पडलेल्यांत गुलमोहर आणि रेन ट्री पुष्कळ. दोन्ही परदेशी, गुलमोहर मादागास्करचा आणि रेन ट्री अमेरिका खंडातला, दोन्ही भराभर वाढणारे. पण सगळा दोष त्यांच्यावर टाकणं बरं नाही. पडलेल्या झाडांचे बुंधे आम्ही बघितले तेव्हा कितीतरी ठिकाणी एका बाजूची मुळं केबलच्या चरासाठी सरळ कापलेली होती आणि दुसऱ्या बाजूला बुंध्याला चिकटून पेव्हर. झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटशिवाय ठेवा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या यंत्रणांना दिला होता. आम्ही आता तो मीटर कोटेशनमध्येच लिहितो. पेव्हर घालणारा कंत्राटदार वेगळा असला की भांडण ठरलेलं.

वादळानंतर फोंड्याच्या एका कॉलनीने बोलावलं. त्यांची नऊ झाडं गेली होती, आणि कोपऱ्यावरच्या पट्ट्यासाठी पालिकेकडून थोडं अनुदान मंजूर होतं. बैठकीला गेले. कोणाला सावली हवी पण पार्किंग जाऊ नये, कोणाला फळ नको कारण गाड्यांवर डाग पडतात. सातवीण कोणालाच नको, पाऊस संपल्यावर फुलली की वासाने डोकं दुखतं म्हणून. चेअरमन म्हणाले, "झाड द्या, पण पानं पडता कामा नयेत." मी त्यांना प्लास्टिकचं सुचवलं. हसले, पण जरा उशिरा.

तिथे मी नणंदेची एक गोष्ट वापरली. ती सिएटलला असते. तिथल्या शहराचा १९८८ पासून एक फंड आहे. वस्तीने आपल्या सुधारणेचा प्रस्ताव द्यायचा, आपला वाटा दाखवायचा, आणि शहर त्याच्या जोडीने पैसे घालतं. त्या वाट्यात रोकड चालते, वस्तू चालतात आणि लोकांनी स्वतः केलेल्या कामाचे तासही रुपयांत, म्हणजे डॉलरमध्ये, धरले जातात. आपल्याकडे पालिकेच्या हिशेबात असं काही बसत नाही. पण माझ्या कोटेशनमध्ये बसतं! मी पाण्याच्या खर्चाची ओळ खोडली आणि लिहिलं: पाणी कॉलनीचं, पाळ्या बिल्डिंगनिहाय, वही वॉचमनच्या केबिनमध्ये. वाचलेल्या पैशांत झाडं नऊची बावीस झाली. विजेच्या तारांखाली ताम्हण आणि बहावा, मोकळ्या कोपऱ्यात बकुळ, म्हणजे आमची ओंवळ, आणि मागच्या भिंतीकडे दोन सुरंगी, कारण कॉलनीतल्या एका आजीने हट्टच धरला. सुरंगी वाढायला फार वेळ घेते. मी तसं सांगितलं. "मला कुठे घाई आहे," आजी म्हणाल्या.

ती वही मी जपून ठेवली आहे. पहिले दोन महिने सुंदर अक्षर, तारखा, सह्या. मग "बी बिल्डिंग : पाणी नव्हते". मग एक पूर्ण पान कोरं. फेब्रुवारीत आजींनी स्वतः बादली उचलली, त्याची नोंद वॉचमनने लाल शाईत केली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या सह्या परत सुरू झाल्या. २०२४ च्या उन्हाळ्यात मोजणी केली तेव्हा वीस झाडं जिवंत होती. एक गाडीखाली गेलं. दुसऱ्याच्या मुळाशी कोणाच्या तरी बारशाला आलेल्या कॅटरिंगवाल्याने गरम तेल ओतलं. दोन्ही आम्ही फुकट बदलून दिली.

काही कामं आम्ही घेत नाही. मोठं झाड उपटून दुसरीकडे लावायची मागणी हल्ली वाढली आहे. ते करायचं तर काही महिने आधीपासून टप्प्याटप्प्याने मुळं छाटावी लागतात, बुंध्याच्या व्यासाच्या साधारण दहापट रुंदीचा मातीचा गोळा उचलावा लागतो, क्रेन लागते. आमच्याकडे विचारणा येते ती "पुढच्या आठवड्यात जमेल का?" अशी.

आज आम्ही सहा जण कायम आहोत, पावसात बारा होतो. टेम्पो एक, पाण्याची टाकी बसवलेली जुनी पिकअप एक. आबांची मानकुरादची मातृझाडं अजून कलमं देतात, आणि खरं सांगायचं तर नर्सरीचा नफा अजूनही तिथूनच येतो.

गेल्या जूनमध्ये एका प्रभागात चौसष्ट रोपं लावली. संध्याकाळी पिशव्या मोजल्या, त्रेसष्ट. परत मोजल्या, त्रेसष्ट. पाऊस कोसळत होता, बॅटरीच्या उजेडात आम्ही ओळीने रोपं उकरायला लागलो. माती हाताने बाजूला करायची, गोळ्याला बोट लावून प्लास्टिक लागतंय का बघायचं, परत दाबायचं. अकरा रोपं झाली. बाराव्याला भावोजींनी चष्मा पुसायला रेनकोटच्या आतल्या खिशात हात घातला आणि तिथेच थांबले. पिशवी त्यांच्याच खिशात होती.