अकरा पिस्तुले आणि एक वही

शनिवार, रात्र

माळा आवरताना आज जुना पत्र्याचा डबा सापडला. झाकण गंजून घट्ट बसले होते; ते पेचकसाने उचकटावे लागले. आत माझी पाण्याची पिस्तुले होती. मोजली तेव्हा अकरा भरली. माझ्या आठवणीत हा संग्रह पन्नासेक पिस्तुलांचा तरी होता, परंतु लहानपणच्या वस्तू आठवणीत वाढत जातात, हे मला एव्हाना ठाऊक व्हायला हवे होते.

त्यांतील एकही मी नवे म्हणून मिळवलेले नव्हते. इतर मुले बिघडलेली पिस्तुले टाकून देत आणि ती मी उचलून आणत असे. चालू पिस्तुलाने मित्रांना भिजवण्यापेक्षा बंद पिस्तूल उघडून बसण्यात मला अधिक गोडी होती. दादा याला ‘दवाखाना’ म्हणे आणि त्या म्हणण्यात कौतुक नसे.

डब्याच्या तळाशी एक वही होती. प्रत्येक पिस्तुलाला क्रमांक, त्यापुढे तक्रार आणि त्यापुढे उपचार, अशी रीतसर नोंद. ‘क्र. 4. चाप दाबल्यावर परत येत नाही. पेनातील स्प्रिंग बसवली. बरे झाले.’ अक्षर वाईट आणि आत्मविश्वास मोठा. वही वाचता वाचता जेवायची वेळ टळून गेली.

रविवार

सकाळपासून क्र. 4 उघडून बसलो आहे. हे सर्वांत साधे, चापाने चालणारे पिस्तूल. त्याच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारे स्क्रू गंजले होते, पण शाबूत होते.

आतील रचना आजही मला देखणी वाटते. चापामागे एक आखूड नळी, तिच्यात सरकणारा दट्ट्या आणि त्याला मागे ढकलणारी स्प्रिंग. खरी करामत मात्र दोन झडपांची. एक झडप टाकीकडून नळीत येणाऱ्या वाटेवर असते, दुसरी तोटीकडे जाणाऱ्या वाटेवर. चाप दाबला की पहिली मिटते, दुसरी उघडते आणि नळीतील पाणी बाहेर फेकले जाते. चाप सोडला की उलट घडते. तोटीकडील झडप मिटल्यामुळे बाहेरची हवा आत शिरत नाही आणि दट्ट्या मागे सरकताना टाकीतील पाणी ओढून घेतो. पाणी भरल्यानंतर पहिल्या तीन-चार दाबांना नुसती फुसफुस ऐकू येते, याचे कारणही हेच: नळीतील हवा आधी बाहेर जावी लागते. या पिस्तुलात झडप म्हणजे मोहरीहून थोडा मोठा छर्रा, बाकी काही नाही. लहानपणी असे कित्येक छर्रे माझ्या हातून उडून फरशीच्या फटीत गेले असतील. छर्रा हरवलेले पिस्तूल वहीत ‘असाध्य’ म्हणून नोंदलेले असे.

पेनातील स्प्रिंगेचे रहस्यही उलगडले. ती जागेवर होती आणि मुळीच मोडलेली नव्हती, परंतु इतकी मऊ होती की ओल्या दट्ट्याला पूर्ण मागे ढकलण्याचे बळ तिच्यात नव्हते. चाप परत येई, पण अर्ध्यावर. म्हणून नळीही अर्धीच भरे. ‘बरे झाले’ ही नोंद करणाऱ्याने चाप परत येतो एवढेच पाहिले, किती परत येतो हे पाहिले नाही.

सोमवार

आज क्र. 7 घेतले. त्याच्यापुढे वहीत दोन नोंदी आहेत आणि त्या वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. पहिली: ‘टोपणातून पाणी गळते. भोक डिंकाने बुजवले. गळती पूर्ण बंद.’ दुसरी, काही दिवसांनंतरची: ‘पिस्तूल लवकर दमते. कारण कळत नाही.’

कारण त्याच पानावर चार ओळी वर लिहिलेले होते. टोपणातील ते बारीक छिद्र गळतीसाठी नव्हे, हवेसाठी असते. टाकीतून जितके पाणी बाहेर जाते तितकी हवा आत यावी लागते. ती वाट बंद केली की आत हवा विरळ होत जाते आणि काही दाबांनंतर दट्ट्या कितीही ओढला तरी पाणी येत नाही. त्या वेळी टाकीच्या बाजूही किंचित आत ओढल्या गेल्या असणार. मी त्या पाहिल्याही असतील, मात्र ‘दमलेले पिस्तूल’ ही कल्पना मला इतकी पटली होती की अधिक शोध घेण्याची गरज भासली नाही. डिंक सुईने टोकरून काढला. पिस्तूल दमायचे थांबले. या दुरुस्तीला दोन मिनिटे लागली आणि मधे बत्तीस वर्षे गेली.

बुधवार

तोट्या साफ करण्यात संध्याकाळ गेली. क्षारयुक्त पाणी वाळून तोटीच्या तोंडाशी पांढरट क्षार साचतात आणि धार वाकडी जाऊ लागते. तोट्या रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्या की थर विरघळतो. नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे. एवढेच करायचे असते.

लहानपणी मी हे करत नसे. मी तोटीत सुई घालून ती फिरवत असे. वहीत सात ठिकाणी ‘भोक मोठे केले’ असे अभिमानाने लिहिले आहे. भोक मोठे केले की पाणी जास्त येईल आणि म्हणून लांब जाईल, असा तो हिशेब होता. प्रत्यक्षात दट्ट्या एका दाबात ढकलतो ते पाणी तेवढेच राहते. वाट रुंद झाली की त्याचा वेग घटतो. शिवाय सुईने ओरखडलेल्या कडेमुळे धार तोंडापाशीच फुटून तिचे तुषार होतात. लांब जाणाऱ्या धारेसाठी अरुंद, गोल आणि आतून गुळगुळीत छिद्र लागते. गंजलेली स्प्रिंग बदलता येते, छर्रा नवा घालता येतो, पण खरवडलेले छिद्र पूर्ववत करता येत नाही. अकरापैकी सात पिस्तुले मी स्वतः कायमची अधू केली आहेत आणि ज्यांनी ती टाकून दिली होती त्यांनी असले काही केले नव्हते, हे कबूल करणे भाग आहे.

चिकटवलेल्या चिरांबद्दल फार लिहावेसे वाटत नाही. हाताला मेणचट लागणाऱ्या प्लास्टिकला साधा डिंक धरतच नाही. माझे सारे जोड सापाच्या कातेसारखे सोलून निघाले.

शनिवार

आजचा दिवस क्र. 11 चा. डब्यातील हे एकच मोठे पिस्तूल हवेच्या दाबावर चालणारे आहे आणि लहानपणी त्याला हात लावण्याचा मला धीर होत नसे.

या पद्धतीमागची कथा मला मोठेपणी कळली. अमेरिकेतील अभियंता लॉनी जॉन्सन हे 1982 साली फ्रेऑन या शीतकरणाच्या वायूऐवजी पाण्यावर चालणाऱ्या उष्णता-पंपाचा प्रयोग घरी करत होते. त्यांनी स्वतः बनवलेली तोटी न्हाणीघरातील नळाला जोडली, तेव्हा पाण्याची जोरदार धार खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि याचे खेळणे होऊ शकेल असे त्यांच्या मनात आले. ते खेळणे 1990 मध्ये ‘पॉवर ड्रेंचर’ या नावाने विक्रीस आले आणि पुढच्याच वर्षी त्याचे ‘सुपर सोकर’ असे नामकरण झाले. तोवर खेळण्यातील धारेचा जोर मुलाच्या एका बोटाच्या ताकदीवर अवलंबून होता. येथे हात पुढे-मागे करून बंद टाकीतील हवा आधी दाबून ठेवायची आणि चाप फक्त वाट मोकळी करण्यासाठी वापरायचा. ताकद एका क्षणी लावायची नसून साठवायची, हा त्यातील खरा शोध आहे असे मला वाटते.

हवा तिच्या मूळ जागेच्या तिसऱ्या हिश्शात कोंबली की तिचा दाब सुमारे तिप्पट होतो, हे बॉईलच्या नियमाने शाळेत शिकलो होतो. पाणी बाहेर पडू लागले की हवेला जागा मिळते आणि दाब उतरतो, म्हणून अशा पिस्तुलाची धार सुरुवातीला तडफदार आणि शेवटी पायाशी पडणारी असते. पुढे 1996 मध्ये आलेल्या एका प्रकारात हवेच्या जागी रबरी फुगा वापरला गेला. ताणलेले रबर पाण्याला जवळजवळ सारख्याच जोराने ढकलत राहते आणि धार शेवटपर्यंत टिकते. तसे एखादे माझ्याकडे नाही. मिळाले तर हवे आहे, हे येथे लिहून ठेवतो.

क्र. 11 मध्ये दाब टिकत नव्हता. हवा भरण्याचा दांडा बाहेर काढला तर त्यावरील ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारे रबरी कडे, फुगून लिबलिबीत झालेली. वहीत एकच ओळ होती: ‘दांडा घट्ट फिरतो. व्हॅसलीन लावले.’ म्हणजे धीर होत नव्हता ही आठवणही खरी नाही. पेट्रोलियम जेलीने काही जातींचे रबर फुगते आणि त्याचा कस जातो; तेथे सिलिकॉन ग्रीस लावायचे असते, तेही पुसटसे. त्याच मापाची नवी ओ-रिंग बसवली, ग्रीसचे बोट फिरवले, पाणी भरले आणि दांडा बारा वेळा मारला.

मुलगी दारात उभी होती. ‘‘बाबा, हे फुटेल का?’’ तिने विचारले. जुने प्लास्टिक ठिसूळ होते, त्यामुळे प्रश्न रास्त होता. मी तिला मागे जायला सांगितले, डोळ्यांवर चष्मा आहे याची खात्री केली आणि चाप ओढला. धार अंगणाच्या भिंतीपर्यंत गेली. मी आणखी दोन दाब मारायच्या विचारात होतो, तेवढ्यात पिस्तूल माझ्या हातून गेले होते आणि पुढच्या क्षणी माझा सदराही भिजला होता.

वहीत क्र. 11 खाली नवी नोंद केली आहे. ‘बरे झाले’ लिहिलेले नाही. दाब सोडून, टाकी रिकामी करून आणि टोपण उघडे ठेवून पिस्तूल वाळत ठेवायला हवे होते. पण तोटीतून एक थेंब हळूच जमताना दिसला, म्हणून थोडे पाणी आणि दाब तसाच ठेवून ते वर्तमानपत्रावर आडवे केले आहे. सकाळी डाग किती मोठा होतो ते पाहायचे आहे.