चौथं शील

वर्धा ते दीक्षाभूमी, पाऊणशे किलोमीटर, तीन दिवस. मला काम मिळालं शेपटाचं. सगळ्यांत मागं चालायचं, कुणी मागं सुटू द्यायचं नाही. बैठकीत ऐकताना बरं वाटलं होतं. खन्ती पारमितेवर, म्हणजे सहनशीलतेवर, दहा मिनिटं बोललोही मीच. पवनारच्या पुलावरच पस्तावलो. टेम्पोवरची भीमगीतं आमच्यापर्यंत नुसत्या ढोलकीच्या ठोक्यांपुरती यायची, आणि खिचडी खरवडीपुरती.

कारण एक आजी. पांढरं लुगडं, प्लास्टिकच्या चपला, दर फर्लांगाला बसकण. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती बापाच्या खांद्यावर होती. "मले बाबासायेब नाही दिसले रे बापू. बापाच्या टोपीचा घामट वास तेवढा याद हाये." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळे भरले. पाचव्यांदा मी पाण्याची बाटली शोधायला लागलो.

सेलूला पंचशील ध्वज पुढं कुणी धरायचा यावरून दोन वस्त्यांची जुंपली. भन्तेजी येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत; मग दोघांनी आळीपाळीनं धरला. केळझर अंधारातच गेलं.

बुटीबोरीच्या अलीकडची दुपार मात्र सरता सरेना. ऑक्टोबरचं ऊन, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेलं सोयाबीन, त्याची फोलपटं मोज्यात. टाचेवर रुपयाएवढा फोड. आजीचं सुरूच: "किती राह्यलं?"

"दोन किलोमीटर, आजी."

अर्ध्या तासानं पुन्हा तेच. माझंही तेच. तिसऱ्या वेळी मी जवळजवळ ओरडलोच, "दोन!"

ती थांबली. "सकायपासून दोनच सांगून राह्यला तू. रोज वंदनेत मुसावादा वेरमणी म्हन्ते न? चवथं शील तुटलं तुहं." आणि खो खो हसली. मला हसू आलं नाही. खाली बघून लंगडत पुढं निघालो, तेवढ्यात तिनं माझा शर्ट मागून धरला. "बस इथं. जोडा काढ."

बाभळीच्या विरळ सावलीत बसवलं. बटव्यातून दोऱ्याचं रीळ काढलं, त्यात सुई खोचलेली. विडी ओढणाऱ्या एका गुराख्याकडून काडीपेटी घेऊन सुई तापवली. माझा पाय सरळ मांडीवर घेतला; तिचं लुगडं पांढरंशुभ्र, माझी टाच काळी. मी पाय ओढायला गेलो तर गुडघ्यावर चापट बसली. एका बाजूनं सुई घातली, दुसरीकडून काढली, दोरा कापून दोन्ही टोकं लोंबती ठेवली. "राहू दे दोरा. पानी झरते त्याच्यानं. ओढू नको, कातडं निंघन." टाच ओली झाली, ठणका उतरत गेला. पदरानंच पुसलं तिनं. सेवा पथकाचा बिल्ला माझ्या छातीवर होता.

त्या संध्याकाळी खिचडी मिळाली की नाही, आठवत नाही. भवतु सब्ब मंगलं म्हणताना मी झोपलो होतो म्हणे.

दुसऱ्या दिवशी खापरी, विमानतळ, मग गर्दीच गर्दी, निळे झेंडे, पुस्तकांचे ढीग. रहाटे कॉलनी चौकात आजीनं विचारलं, "किती राह्यलं?"

मी मोबाईल काढून नीट बघितलं. "दीड किलोमीटर. खरंच, आजी."

ती फुटपाथवर बसली. "खरं बोलला तं पाय दुखाले लागले न रे."