रत्नागिरीची गाडी, दोन सिनेमे आणि एक पियानो

पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मधली पार्वती मुंबईतल्या एका हॉस्पिटलात स्वयंपाक करते. नवरा गिरणीत होता. आता तो नाही, आणि खोलीवर तिच्या नावाचा एकही कागद नाही. बिल्डर चाळ पाडायला निघतो, तेव्हा ती भांडीकुंडी बांधते आणि रत्नागिरीकडच्या आपल्या गावी निघून जाते. हॉस्पिटलातल्या दोन मल्याळी नर्स, प्रभा आणि अनू, तिला पोचवायला सोबत जातात. या सिनेमाला २०२४ साली कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं, तीस वर्षांनी एखादा भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत होता, हे सगळं मी तेव्हा आनंदाने वाचलं होतं. पण सिनेमा पाहिल्यावर मनात राहिली ती पार्वती आणि तिचं गावाकडे जाणं. माझी आत्या अशीच परळहून गावी गेली. तिच्याकडे जाऊन, तिच्यासोबत बसून हा सिनेमा पाहायचा, असं तेव्हाच ठरवलं होतं. दिवाळी झाली आणि मी कोकणातली गाडी पकडली.

सकाळची मांडवी एक्स्प्रेस. पनवेल सुटलं की गाडीत वडे, ऑम्लेट, कटलेट यांची ये-जा सुरू होते आणि अर्ध्या डब्याची ओळख होऊन जाते. माझ्या शेजारी खेडला उतरणारं कुटुंब होतं, समोर चिपळूणचे एक निवृत्त मास्तर. रोहा गेलं आणि मी कानात पियानो लावला.

हा पियानो मला त्याच सिनेमाने दिला. मुंबईच्या पावसात, लोकलच्या गर्दीत, निळसर उजेडाच्या खोल्यांत मध्येच काही सूर येतात. थोडे अडखळत, थोडे धावत, पुन्हा मागे वळत येतात. वाजवणारी बाई कोण, म्हणून शोधलं. एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू. जन्म १९२३, अदिस अबाबा. लहानपणी स्वित्झर्लंडच्या शाळेत व्हायोलिन शिकली. इटलीने इथिओपिया घेतला तेव्हा तिच्या कुटुंबाला बंदी करून असिनारा बेटावर ठेवलं. नंतर ती कैरोत शिकली, मग सगळं सोडून डोंगरावरच्या मठात जोगीण झाली. पहिली ध्वनिमुद्रिका १९६७ साली जर्मनीत निघाली, आणि तिचे पैसे अनाथ मुलांसाठी गेले. पुढची कित्येक वर्षं ती जेरुसलेमच्या इथिओपियन मठात राहिली. या वर्षात मी जेवढं नवं संगीत ऐकलं, त्यात मला सगळ्यात प्रिय असलेलं संगीत हे असं जुनं आहे. माझ्यासाठी ते नवं आहे, आणि मला तेवढं पुरतं.

ताल धरून बसणाऱ्याला हे वादन सुरुवातीला जड जातं. मात्रा मोजू गेलं तर हाती लागत नाहीत. ती बोलल्यासारखी वाजवते: वाक्य सुरू करते, श्वास घेते, एक शब्द पुन्हा म्हणते. माणगाव, वीर, खेड. भातं कापून झाली होती, खळ्यांवर उडव्या रचलेल्या होत्या. बोगदा आला की डब्यात अंधार आणि कानात फक्त तिचा डावा हात. उक्षीनंतर करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटरचा आहे तो. त्यात चाकांचा आवाज इतका भरून येतो की पियानो दिसेनासा होतो, मग एखादा वरचा सूर तेवढा वर येतो. बाहेर पडलो तेव्हा ऊन होतं, जांभ्याची लाल दरड होती, आणि तोच सूर अजून चालू होता. कोकण रेल्वेने मी अनेकदा गेले आहे, पण या बोगद्यात ऐकण्यासारखं काही असतं हे मला माहीत नव्हतं.

रत्नागिरी स्टेशनापासून शहर लांब. एसटीने स्टँडवर, तिथून पावसची गाडी. भाट्याच्या पुलावरून काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते. शहरात थिबा राजवाडा आहे, रत्नदुर्ग आहे, टिळकांचं जन्मघर आहे. या वेळी मी कुठेच गेले नाही.

आत्याची वाडी पावसच्या अलीकडे. पडवीत शिरले, तर पहिलं वाक्य, "काय गो, ह्या उन्हाची आलीस? पाणी पी आधी."

आत्याने आयुष्याचा मोठा काळ परळच्या चाळीत खानावळ चालवली. तिच्या खोलीत पाळीपाळीने गिरणी कामगार जेवायचे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा जेवणाऱ्यांचे पैसे थकले, पण तिने ताटं बंद केली नाहीत. खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं, त्याची आठवण ती अजून अभिमानाने काढते. बँकेच्या दारात बायका पहिल्यांदा रांगेने उभ्या राहिल्या, हे सांगताना ती आजही खुर्चीत सरळ बसते.

रात्री जेवणं उरकून लॅपटॉप पाटावर ठेवला. मल्याळम संवाद चालू असताना मी तिला हळू आवाजात अर्थ सांगत होते, पण थोड्या वेळाने तिने हाताने थांबवलं. तिला लागत नव्हतं. जर्मनीहून न कळवता आलेला भात शिजवायचा कुकर प्रभा मिठीत घेऊन बसते, तिथे आत्या म्हणाली, "नवरा काय पाठवतो आणि ती काय धरून बसलेय." मी दोनदा सिनेमा पाहून लिहून ठेवलेल्या टिपणांपेक्षा हे एक वाक्य मला जास्त नेमकं वाटतं.

छाया कदमची पार्वती बोलायला लागली की आत्या पुढे सरकायची. पार्वती आणि प्रभा बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात, तेव्हा ती मोठ्याने हसली आणि पुन्हा लाव म्हणाली. मी लावलं. कागदाचा प्रसंग आला तेव्हा मात्र ती बोलली नाही. नंतर कधीतरी, भांडी आवरताना, म्हणाली, "आमच्या खोलीच्या पावतीवर सासऱ्यांचं नाव होतं. मला कोणी विचारलंच नाही."

कोकण पडद्यावर बऱ्याचदा येतो तो माडांच्या रांगा, होडी आणि मावळता सूर्य घेऊन. इथे गावातल्या घरात येऊन बायका सापडलेली दारूची बाटली उघडतात आणि नाचतात. समुद्र आहे, पण तो कामाचा, माणूस बुडता बुडता ओढून काढायचा. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो, घर झाडतो आणि कुलूप लावून परत जातो. परत न जाण्यासाठी येणारी बाई मी सिनेमात इतक्या सरळपणे दाखवलेली पाहिली नव्हती. आत्याच्या वाडीत अशी कुलपं पुष्कळ आहेत.

दुसरा सिनेमा मी निघण्याआधीच पाहिला होता: रोहन कानवडेचा 'साबर बोंडं'. २०२५ साली सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागात त्याला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर मुंबईत राहणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी संगमनेरकडच्या गावी येतो. लग्न कधी, हा प्रश्न प्रत्येक नातेवाइकाच्या तोंडी आहे. तिथे त्याला बालपणीचा सोबती बाळ्या पुन्हा भेटतो. दोन पुरुषांमधलं प्रेम इतक्या मऊपणे, शेळ्या, पायवाट आणि झाडाची सावली यांच्या मध्ये ठेवून मराठीत कोणी दाखवलं, याचं मला फार अप्रूप आहे. आनंदच्या आईने मुलाला ज्या तऱ्हेने सांभाळून घेतलं आहे, ते पाहताना माझा गळा दाटून आला. आणि या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. रडू कुठे यावं हे सांगायला कोणी सारंगी लावलेली नाही. वारा, भांडी, लांबचं कुत्रं, बायकांची कुजबुज, एवढंच. आपल्याकडे दर भावनेवर व्हायोलिनचा लेप द्यायची सवय झाली आहे, तिचा मला मनापासून कंटाळा आला आहे. त्या सिनेमाने मला कानातले इयरफोन काढून ठेवायला शिकवलं, म्हणून वाडीत मुक्कामाला असताना मी ते पिशवीतच राहू दिले.

म्हणून काकड आरती नीट ऐकता आली. कार्तिकात देवळात पहाटे काकडा असतो. कोजागरीनंतर सुरू होतो, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालतो. अंधारात बॅटरी घेऊन आत्याच्या मागून गेले. पेटी, मृदंग, टाळ, आणि वयाने थकलेले पण आवाजाने न थकलेले एक बुवा. त्यांनी भूपाळी लावली: सा रे ग प ध, मध्यम नाही, निषाद नाही. मी दचकून सरळ झाले. हे पाच स्वर मी आदल्या दिवशी बोगद्यातून ऐकत आले होते. इथिओपियात तिझिता नावाचा पाच स्वरांचा प्रकार आहे, आणि त्याच्या एका रूपात नेमके हेच स्वर लागतात. दोन संगीतांचा काही संबंध आहे असं मी म्हणत नाही. पाच स्वरांवर जगभर गाणी उभी आहेत. पण बुवा पंचमावरून गांधाराकडे येताना जसे रेंगाळले, तसंच रेंगाळणं मी कानात घेऊन आले होते, आणि ते ओळखता आलं याचा आनंद मला दिवसभर पुरला.

आरतीनंतर बुवांना मोबाइलवर गेब्रू ऐकवली. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली आणि विचारलं, "मृदंग का नाही घेतला बाईनं?" मी म्हटलं, एकटीच वाजवते. "मग बरोबर आहे," म्हणाले. "एकट्याला ठेका कशाला."

आत्याला मात्र ती आवडून गेली. बांगडे साफ करताना तिने मोबाइल चुलीच्या कट्ट्यावर लावून घेतला.

"ही अजून वाजवते काय गो?"

"२०२३ साली गेली. नव्याण्णव वर्षांची होती."

"मग भरपूर वाजवून गेली," आत्या म्हणाली आणि पुढचा बांगडा हातात घेतला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिला जयंत सोमलकरच्या 'स्थळ'बद्दल सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, गावातल्याच माणसांना घेऊन केलेला सिनेमा. समाजशास्त्र शिकणारी सविता, कापूस पिकवणारा बाप, आणि पुन्हा पुन्हा तेच पोहे, तोच पाट, तेच नाव-उंची-शिक्षणाचे प्रश्न. सुरुवातीला बायका पुरुषाला पाहायला येतात, हे सांगितल्यावर आत्याने शेजारणीला हाक मारली आणि मला ते पुन्हा सांगायला लावलं. दोघींचं ठरलं की हा लॅपटॉपवर पाहायचा नाही, शिमग्याला पोरी माहेरी आल्या की देवळापुढच्या मांडवात पांढरी चादर बांधून सगळ्यांनी मिळून पाहायचा. चादर त्यांची, चहा बुवांच्या सुनेचा. प्रोजेक्टर मी आणायचा आहे, आणि रीतसर परवानगी कुणाकडून घ्यायची याची चौकशी मी सुरू केली आहे.