बेडूक एक की अनेक?

जपानी कविता वर्गात काढली की पहिली उडी बेडकाची. बाशो या जपानी कवीचा बेडूक, 1686 सालचा. फुरुइके या / कावाझु तोबिकोमु / मिझु नो ओतो. जुनं तळं, बेडकाची उडी, पाण्याचा आवाज, संपली कविता. मुलं मागचं पान उलटून बघतात, उरलेली कविता तिकडे असेल म्हणून. एवढ्याशा ऐवजावर तीन तास आरामात निघतात, आणि पहिल्या तासाचा पहिला प्रश्न अगदी बाळबोध असावा: बेडूक किती?

जपानीत नामाला वचन चिकटत नाही. 'कावाझु' म्हणजे एक बेडूकही आणि बेडकांची अख्खी पलटणही. इंग्रजीला हे ठरवल्याशिवाय पाऊल उचलता येत नाही. जपानमध्ये स्थायिक झालेला इंग्रजी लेखक लाफ्कादियो हर्न, त्याने आपल्या अनुवादात अनेक बेडूक उडवले, नंतरच्या बहुतेकांनी एकच ठेवला. मराठीत मात्र एक बेडूक, दहा बेडूक, शब्द जागचा हलत नाही. चहाडी करतं ते क्रियापद: उडी घेतो की घेतात? मग क्रियापदालाच अर्ध्यात थांबवायचं.

जुनं तळं —
बेडूक उडी घेताना
पाण्याचा आवाज

'घेताना'ला वचनाशी देणंघेणं नाही. बेडूक किती हे आता तळ्यालाच ठाऊक. ही युक्ती शिक्षकाने आयती देऊ नये. 'घेतो' आणि 'घेतात' फळ्यावर शेजारीशेजारी लिहून दहा मिनिटं गप्प बसावं. कुणीतरी 'ताना'पर्यंत पोचतंच.

मराठी वर्गांत हायकू, म्हणजे ही तीन ओळींची जपानी कविता, बहुधा इंग्रजीच्या पाठीवर बसून येतो, आणि तो वळसा फुकटचा आहे. 'मिझु नो ओतो' शब्दागणिक मांडा: मिझु पाणी, नो म्हणजे चा, ओतो आवाज. पाण्याचा आवाज. क्रमसुद्धा तोच. क्रियापद दोन्हीकडे शेवटी, आणि विभक्तीचं शेपूट दोन्हीकडे नामाच्या मागे. 'तोबिकोमु' म्हणजे उडून आत जाणं, दोन क्रियापदांची जोडी; 'उडून गेला', 'पडून राहिला' म्हणणाऱ्यांना तिचं काय नवल? नोकरीसाठी जपानी शिकणारी मुलं वर्गात असतील तर ती हटकून विचारतात, बेडूक म्हणजे 'काएरु' ना? बोलण्यात काएरुच. कावाझु हा कवितेतला बेडूक. डोळ्यांना आपणही कवितेत नयन म्हणतोच.

मग मोजणी. हायकूच्या तीन ओळी पाच-सात-पाच, हे सगळ्यांना पाठ असतं, पण पाच काय, हे विचारलं की वर्ग खाली बघतो. जपानी मोजतात ते अक्षर नव्हे, 'ओन'. ते आपल्या मात्रेच्या जवळचं. तोक्यो ऐकायला दोन अक्षरं, पण दोन्ही 'ओ' लांब, म्हणून तो-ओ-क्यो-ओ असे चार ओन. 'निप्पोन' (जपान) या शब्दातही चार: नि, मग जोडाक्षराचा अडखळलेला प्, पो आणि शेवटचा न्. मात्रावृत्त शिकलेल्या मुलाला हे लगेच कळतं आणि लगेच तो एका खड्ड्यात पडतो. आपल्या छंदशास्त्रात ए आणि ओ कायम गुरू. त्या हिशेबाने 'मिझु नो ओतो'च्या आठ मात्रा भरतात आणि मुलगा म्हणतो, बाशो चुकला. जपानी ए-ओ मुळात ऱ्हस्व असतात, लांबवले तरच दोन. हे आधीच सांगून ठेवावं.

मोजणी पक्की करायला टाळ्यांसारखं साधन नाही. जपानी ओळ आठ ठोक्यांच्या आवर्तनात म्हणता येते: पाच ओन आणि तीन ठोके शांतता, सात ओन आणि एक ठोका शांतता, पुन्हा पाच आणि तीन. आपला केरवाही आठ मात्रांचा, तेव्हा तबला शिकणारं कुणी असलं तर त्याला ठेका धरायला बसवावं. फु-रु-इ-के-या, गप, गप, गप. त्या तीन 'गप'मध्ये मुलं हसतात, हसू द्यावं. तिसऱ्या खेपेला कुणी हसत नाही.

लिहायला बसल्यावर मात्र अक्षरं मोजली तरी चालतात. वरचा मराठी बेडूक चार-आठ-सहा, म्हणजे एकूण अठरा अक्षरांचा. एकाने जास्त. इथे हिशेबी विद्यार्थी 'जुनं तळं हे' करून पाच भरतो आणि 'आवाज' काढून 'नाद' घालतो, म्हणजे तेही पाच. पण 'हे' निव्वळ भरीचं, आणि 'नाद' म्हटलं की तानपुरा आला. 'ओतो' हा साधा, कसलाही आवाज. खुद्द बाशोची वाळक्या फांदीवर बसलेल्या कावळ्याची कविता पाच-नऊ-पाच आहे. तेवढं सांगितलं की भरीचे शब्द गळतात. 'डुबुक' लिहायचा मोहही अनावर असतो. एका इंग्रजी अनुवादात तर अवघे तीन शब्द आहेत: तळं, बेडूक, प्लॉप. जपानीतही अशा ध्वनिशब्दांची रेलचेल आहे, तरीही बाशोने इथे एकही वापरलेला नाही. आवाज कसा होता ते त्याने सांगितलं नाही, झाला एवढंच सांगितलं.

यमकाचंही असंच. सत्तरच्या दशकात शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, आणि मराठी हायकूत यमक पुष्कळदा भेटतं. मूळ जपानीत ते नाही. तिथे झाडून सगळे शब्द स्वरात नाहीतर 'न्'मध्ये संपतात, यमक रस्त्यावर पडलेलं असतं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचं अप्रूप कुणाला? आपल्याकडे ते कमवावं लागतं. ठेवावं की नाही हे वर्गाने भांडून ठरवावं. माझं मत न ठेवण्याकडे.

खरी फसगत ऋतूची. जपानी हायकूत एखादा शब्द ऋतू सांगतो. बेडूक म्हटलं की आपल्या मुलांच्या वहीत धो धो पाऊस सुरू होतो, तळं तुडुंब, डरांव डरांव. जपानी ऋतुकोशात, म्हणजे कोणता शब्द कोणत्या ऋतूचा हे सांगणाऱ्या कोशात, मात्र कावाझु हा वसंताचा शब्द, आणि त्या कोशातला वसंत फेब्रुवारीच्या सुरुवातीला लागतो. नुसता 'चंद्र' म्हटला की शरद. तेव्हा हे तळं पावसाचं नाही. पाणी निवांत आहे, थंडी नुकती सरते आहे. हे कळलं की आवाज एकदम मोठा होतो.

याच तासाला मुलांकडून गावचा ऋतुकोश करून घ्यावा. नियम एकच: 'पाऊस' चालणार नाही. चार महिने पुरणारा शब्द ऋतू कसला सांगणार? जपानीत पावसाळी झडीला 'सामिदारे', हिवाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या सरीला 'शिगुरे', उन्हाळ्यातल्या संध्याकाळच्या सरीला 'युदाची'. आपल्याकडे वळीव आहे, मृगाचा पाऊस आहे, हस्ताचा आहे. शहरातली मुलं इथे अडतात आणि घरी आजीला फोन लावतात. हुरडा, तेरडा, कैरी, पातेरा असं करत फळा भरतो.

पुढचा खेळ बाशोच्या शिष्यमंडळींनीच आपल्यासाठी ठेवला आहे. शिकोच्या सांगण्याप्रमाणे बाशोला शेवटच्या दोन ओळी आधी सुचल्या, पहिले पाच ओन अडले. किकाकु म्हणाला, 'यामाबुकी या' घ्या. यामाबुकी हे पिवळं फूल, आणि जुन्या कवितेत बेडूक नि यामाबुकी ही ठरलेली जोडी, आपल्या चकोर-चांदण्यासारखी. बाशोने ते नाकारलं आणि जुनं तळं घेतलं. वर्गात हे आधी सांगायचं नाही. फळ्यावर दोनच ओळी लिहायच्या, पहिलीची जागा कोरी, वेळ दहा मिनिटं. कमळं येतात, काळे ढग येतात, एखादी विहीर येते. मग यामाबुकी सांगायचं आणि त्यानंतर तळं. सोबत हेही सांगावं, की 905 सालच्या कोकिन्शू संग्रहाच्या प्रस्तावनेपासून बेडूक कवितेत यायचा तो आवाजासाठी, गाणारा म्हणून. बाशोचा बेडूक तोंड उघडत नाही. आवाज करतं ते पाणी.

'फुरुइके या'मधल्या 'या'चं काय करायचं? तो छेद देणारा शब्द, अर्थ जवळजवळ नाही. 'अहा' लिहू नये, उद्गारचिन्ह तर मुळीच नको. आडवी रेघ पुरते.

शेवटचा तास कुकाईचा, म्हणजे कवितांच्या बैठकीचा. बारा मुलं, प्रत्येकी तीन हायकू, तीन वेगळ्या चिठ्ठ्यांवर, नाव नाही. छत्तीस चिठ्ठ्या पिसून पुन्हा तीन-तीन वाटायच्या आणि ज्याला ज्या मिळाल्या त्याने त्या कागदावर स्वच्छ उतरवायच्या. ही पायरी वेळ वाचवायला गाळली जाते आणि तिथेच सगळं फसतं: अक्षर ओळखू येतं, मग मतं मैत्रीला पडतात. आपलीच चिठ्ठी वाट्याला आली तर कोरा चेहरा ठेवून ती उतरवायची. कागद फिरवायचे, प्रत्येकावर दोन मिनिटं. प्रत्येकाने पाच निवडायच्या, त्यांतली एक खास, स्वतःची नाही. उतरवण्यापासून नावं पुकारेपर्यंत सव्वा तास हाताशी हवा. शिक्षकानेही तीन चिठ्ठ्या टाकाव्यात, मग कागद तेरा होतात. शिक्षकाच्या चिठ्ठ्यांना मतं पडली नाहीत तर वर्गाचा धीर वाढतो.

मतांचा कल बघण्यासारखा असतो. पहिल्या बैठकीत 'आयुष्यही असंच' या थाटाची तिसरी ओळ भरघोस मतं खाते. दुसऱ्या बैठकीपर्यंत तिची नक्कल चार जण करतात आणि मुलांनाच कंटाळा येतो. तेव्हा आधी मनाई करण्यात अर्थ नाही.

निवड मोठ्याने वाचली जाते आणि ज्याची कविता असेल त्याने तिथल्या तिथे आपलं नाव पुकारायचं. त्याआधी कुणी कवितेचा अर्थ समजावून सांगायचा नाही, कवीने तर नाहीच. आणि ज्या चिठ्ठीला एकही मत पडलं नाही तिचा धनी कोण, हे कुणी विचारत नाही. ती गठ्ठ्यात तशीच राहते, बिननावाची.