सिल्व्हरस्टोनची ओळ पूर्ण झाली, आणि प्रत्येक वळणावर स्पा

मंडळी, फॉर्म्युला वन टीमच्या वंशावळीच्या तक्त्यातली आणखी एक ओळ रंगवून झाली. पद्धत तीच: लांबलचक आलेखाचा कागद, एका वर्षाला एक चौकोन आणि त्यात त्या वर्षीच्या गाडीचा रंग. नाव बदललं तरी ओळ बदलायची नाही, कारखाना बदलला तरच बदलायची. सातबाऱ्यावर फेरफार किती का होईनात, जमीन तीच असते. यावेळची जमीन म्हणजे सिल्व्हरस्टोन सर्किटच्या समोरचा प्लॉट. एडी जॉर्डनने तिथे टीम उभी केली, आज तिथे अ‍ॅस्टन मार्टिन आहे.

1991 हिरवा. मग निळ्या-हिरव्याच्या इतक्या छटा की पेन्सिली पुरेनात. 1996 पासून सोनेरी-पिवळा. 2006 ला मिडलंडचा लाल-करडा, 2007 ला स्पायकरचा भगभगीत केशरी. 2008 पासून फोर्स इंडिया, 2017 पासून गुलाबी, 2021 ला पुन्हा हिरवा. 2006, 2007, 2008 असे लागोपाठ तीन चौकोन आणि तिन्हींत मालक वेगळा! मिडलंडवर मात्र वेळ घालवला नाही, वर्षभरात एकही गुण नाही. स्पायकरचा एकच गुण, 2007 ला जपानच्या फुजी ट्रॅकवर ड्रायव्हर सुटिलने आणलेला. शिवाय नुरबुर्गरिंगला पाऊस पडणार हे ओळखून मार्कुस विंकेलहॉकला आधीच पावसाळी टायर लावले, तेव्हा तो आयुष्यातल्या एकमेव फॉर्म्युला वन शर्यतीत चक्क आघाडीवर होता. त्यासाठी त्या चौकोनात एक छोटी चांदणी काढली आहे.

आता मुख्य मुद्दा. महत्त्वाच्या शर्यतींवर लाल टिंब द्यायला बसलो, तर जिकडेतिकडे बेल्जियमच. तिथला ट्रॅक स्पा-फ्राँकोशाँ, थोडक्यात स्पा.

1991 मध्ये जॉर्डनचा बर्त्राँ गाशो लंडनमध्ये टॅक्सीवाल्याच्या तोंडावर गॅस फवारल्याबद्दल तुरुंगात गेला. त्याच्या 32 नंबरच्या गाडीत स्पाला मायकेल शूमाकर बसला, पहिल्याच शर्यतीत क्वालिफायिंगला (स्टार्टचा क्रम ठरवणाऱ्या फेरीत) सातवा आला आणि पहिल्याच लॅपमध्ये क्लच गेला. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्या गाडीचं मात्र कुणी बोलत नाही. आंद्रेआ दे चेझारिस शेवटी दुसऱ्या क्रमांकावर होता, सेन्नाच्या मागे लागला होता, आणि थोडक्या लॅप उरल्या असताना इंजिनने दगा दिला. माझ्या मते त्या दिवसाची खरी बातमी ती होती. पहिल्याच सीझनमधली टीम शर्यत जिंकायच्या गोष्टी करत होती.

1994, जॉर्डनची पहिली पोल पोझिशन, म्हणजे स्टार्टला पहिली जागा: बारिकेलो, ओल्या ट्रॅकवर. कुठे? स्पा.

1998 ची शर्यत परत एकदा सबंध पाहिली. सीझनच्या पहिल्या आठ शर्यतींत जॉर्डनला शून्य गुण होते, हे ध्यानात ठेवून पाहा. पाऊस, सुरुवातीलाच तेरा गाड्यांचा ढीग, पुन्हा स्टार्ट. मग मायकेल शूमाकर फवाऱ्यात कूल्टहार्डच्या मागून आदळला आणि तीन चाकांवर पिटमध्ये आला. जॉर्डनचा डेमन हिल पहिला, जॉर्डनचाच राल्फ शूमाकर (मायकेलचा भाऊ) दुसरा. राल्फ वेगात होता, पण त्याला मागेच राहायला सांगितलं गेलं. खिलाडूवृत्तीच्या नावाने कुणी कितीही बोटं मोडोत, पहिल्या विजयाच्या उंबरठ्यावर आपल्याच दोन गाड्या एकमेकींवर आपटायचा धोका कोण घेईल? शर्यत 1-2 ने संपली आणि टीम वर्षाअखेर चौथी आली.

फ्रेंत्सेनचे 1999 चे दोन विजय (मॅन्यी-कूर आणि मॉन्झा) आणि फिसिकेलाचा ब्राझील 2003, हे स्पाबाहेरचे. ब्राझीलला आधी रायकोनेनला विजेता ठरवलं, काही दिवसांनी निकाल फिरला आणि फिसिकेलाला ट्रॉफी पुढे इमोलाच्या शर्यतीला मिळाली. जॉर्डन नावाचा तो शेवटचा विजय.

2005 चा चौकोन आपल्या लोकांसाठी खास, कारण त्यात कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन आहे. जॉर्डनचे त्या वर्षीचे गुण एकूण 12. त्यातले 11 एकट्या इंडियानापोलिसचे: मिशेलिन टायरवाल्या गाड्या बाहेर पडल्या, सहाच धावल्या, माँतेरो तिसरा, नारायण चौथा. उरलेला एक गुण, जॉर्डनचा अगदी शेवटचा, माँतेरोने स्पाला आठवा येऊन मिळवला. तिथेही टिंब.

2009 ला फोर्स इंडियाचा फिसिकेला पोलवर. तोवर या नावाने एकही गुण नव्हता. सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवणारी गाडी) आत गेल्याबरोबर रायकोनेनच्या फेरारीने केमेल स्ट्रेट या सरळ पट्ट्यावर केर्सच्या (ब्रेकची ऊर्जा साठवून जादा जोर देणाऱ्या यंत्रणेच्या) जोरावर त्याला मागे टाकलं. फोर्स इंडियाकडे केर्स नव्हतंच. शेवटी अंतर एका सेकंदाच्या आत. पुढच्या शर्यतीला तोच फिसिकेला फेरारीत.

आणि 2018. हंगेरीच्या शनिवार-रविवारी टीम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, लॉरेन्स स्ट्रोलच्या गटाने ती घेतली, 59 गुण पुसले गेले. नव्या नावाची (रेसिंग पॉइंट फोर्स इंडिया) पहिली शर्यत स्पा! ओकॉन क्वालिफायिंगला तिसरा, पेरेझ चौथा. शर्यतीत पेरेझ पाचवा आणि ओकॉन सहावा. उरलेल्या सीझनमध्ये 52 गुण जमवून सातवा क्रमांक. कागदोपत्री या दोन टीम, पण माझ्या तक्त्यात एकच चौकोन, मध्ये फक्त तिरकी रेघ. कुणाचा आक्षेप असेल तर अँडी स्टीव्हन्सनकडे पाहा: 1991 ला जॉर्डनचा मेकॅनिक, आणि अ‍ॅस्टन मार्टिनच्या काळात तोच स्पोर्टिंग डायरेक्टर.

विजयांची बेरीज: जॉर्डनचे चार आणि बहारीनमधल्या साखीर 2020 चा पेरेझचा एक, म्हणजे 2023 च्या शेवटापर्यंत पाच. साखीरला पहिल्याच लॅपमध्ये धक्का लागून तो तळाला गेला होता, तिथून जिंकला. पण कमी बजेटमध्ये या कारखान्याने काय केलं ते विजयांच्या आकड्यात दिसत नाही. 2016 आणि 2017, दोन्ही वर्षी चौथा क्रमांक. ते चौकोन मी जाड रेघेने घेरलेत.

आता एन्स्टोनची ओळ घेतली आहे: टोलमन, बेनेटन, रेनो, लोटस, पुन्हा रेनो, अल्पीन. (टोलमन एन्स्टोनला नव्हतीच, कारखाना तिथे बेनेटनच्या काळात आला, म्हणजे माझाच नियम मोडतोय. तिथे तुटक रेघ देईन म्हणतो.) खरी कटकट 2011 ची. त्या वर्षी ग्रिडवर लोटस नावाच्या दोन टीम होत्या, एक हिरवी, एक काळी-सोनेरी. एन्स्टोनची काळी-सोनेरी. तुमच्यापैकी कुणी असा तक्ता केला असेल तर ते वर्ष कसं दाखवलंत ते सांगा, तोवर मी 1994-95 चे शूमाकरचे चौकोन भरायला घेतो.